‘निकामी झाले’, ‘बंद पडले’ की ‘बंद केले’?

४ फेब्रुवारी २०१५ च्या तैपेईच्या विमान अपघाताचा गोषवारा मराठीत लिहिते आहे. पहिलंच वाक्य असं झालंय : ‘उड्डाणानंतर काही क्षणांत इंजिन निकामी होऊन विमान नदीत कोसळले.’ ‘निकामी’ इथे चालेल का?

— नाही चालणार. निकामी म्हणजे पुन्हा कामाचं न उरलेलं. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानाला तो शब्द शोभतो. पक्षी घुसून दोन्ही इंजिनांतली पाती मोडली होती. (सगळे १५५ जण वाचले.) तैपेईच्या एटीआर-७२ विमानाचं उजवं इंजिन मात्र फिरतच होतं. सदोष सिग्नलमुळे त्याच्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याच्या दिशेला कडेवर वळली, ज्याला वैमानिक ‘फेदर’ म्हणतात, आणि रेटा गेला. त्या धांदलीत वैमानिकाने धडधाकट असलेलं डावं इंजिन बंद केलं. चुकीच्या बाजूचा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) ओढला, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. ५८ पैकी ४३ जण गेले. तुमचं ‘निकामी’ इथे दोन्ही इंजिनांबद्दल खोटं ठरतं. मराठीत ‘बंद पडणे’ आणि ‘बंद करणे’ यांत कर्ता लगेच कळतो; ‘निकामी होऊन’ लिहिलं की तो गायब होतो.

— थ्रस्टला ‘रेटा’? मला गर्दीचा रेटा आठवतो.

— आठवू दे, मागून ढकलणारा जोर हाच तर अर्थ आहे. ‘प्रणोद’ला वाचक अडखळतो.

— एक भर. ‘विमान स्टॉल झाले’ याचं ‘इंजिन बंद पडले’ असं भाषांतर कृपया करू नका. गाडीपुरतं ते ठीक आहे. विमानाचा स्टॉल पंखाचा असतो : हवा पंखाला वर उचलून धरते ती उचल तुटते, इंजिन जोरात चालू असलं तरी. २५ मे १९७९ ला शिकागोत डीसी-१० विमानाचं डावं इंजिन उड्डाणाच्या क्षणी पंखावरून सुटून पडलं. उरलेल्या दोन इंजिनांवर विमान उडू शकत होतं. पण तुटताना हायड्रॉलिक नळ्या फाटल्या, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या आत सरकल्या आणि तेवढ्याच पंखाची उचल तुटली. विमान डावीकडे कलंडलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ जण गेले. ‘इंजिन बंद पडल्याने अपघात’ असं लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही.

— ‘उचल’ म्हटलं की आधी आगाऊ पैसे डोळ्यांपुढे येतात, पण ‘पंखाची उचल’ म्हटल्यावर शंका राहत नाही. मी वापरणार.

— बदललेलं वाक्य : ‘उजव्या इंजिनाचा रेटा गेल्यावर वैमानिकाने डावे इंजिन बंद केले.’

— ‘चुकून’ घाला. नाहीतर मुद्दाम केल्यासारखं वाचलं जाईल, आणि तो वैमानिकही त्यात गेला आहे.