गुन्हे वाढले की नोंदी वाढल्या?

मावळकर: कसबेकरांनी काल टाकलंय, 2020 ला देशात गुन्हे 28 टक्के वाढले, लॉकडाऊनमध्ये माणसं जनावरं झाली. अहो, एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, अहवाल पुढे वाचा की! 188 कलमाच्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या, केसेस 2019 ला तीस हजाराच्या आत होत्या, 2020 ला सहा लाखांवर गेल्या. संचारबंदी मोडली, झाली केस. खून 28,915 चे 29,193, म्हणजे जिथल्या तिथे. चोऱ्या तर उलट घटल्या, लोक घरातच होते ना.

कसबेकर: 188 चं मान्य. पण आमच्या सोसायटीतून वर्षात तीन गाड्या गेल्या त्या काय उडून गेल्या? आकडे दाखवून आम्हाला शांत बसवू नका.

गोदाकाठ: आकड्यांचं मला विचारा. गणपतीत बसमध्ये पर्सची चेन उघडून मोबाईल मारला. चौकीत हवालदार म्हणे, ताई, चोरी लिहिलीत तर कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील, गहाळ लिहा, सिमसाठी दाखला आत्ता देतो. पेन माझ्याच हातात दिलं, मागे रांग, पोरगी रडतेय, लिहिलं मी "गहाळ". म्हणजे सरकारदरबारी माझी चोरी झालीच नाही!

खाकीघर: पोलिसांना शिव्या घालणं सोपंय. माझे वडील खात्यात होते. चोरी दाखल केली की क्राइम मीटिंगला साहेब सगळ्यांसमोर उभं करणार, तुझ्याच हद्दीत कशी वाढली? जो इमानदारीने नोंदवतो तोच बोलणी खातो.

गोदाकाठ: मग त्याची शिक्षा मला का? 2013 ला ललिताकुमारी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात असा, गुन्हा दिसला की एफआयआर घ्यायचाच. चकरांची भीती घालून परत पाठवायचं नाही.

खाकीघर: घ्यायलाच हवा होता, ते चुकलंच. पण माणसं वाढवा म्हणून कोणीच का बोलत नाही?

मावळकर: मी तेच म्हणतोय, खून लपत नाही, प्रेत असतं. मोबाईल सहज लपतो. त्यामुळे चोरीचा आकडा चढला की लगेच बोंब मारू नका, कदाचित नोंदवून घ्यायला लागले असतील. आणि पुण्याची जुन्या वर्षांशी तुलना करताना 2018 ला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं हे धरा, हद्दच बदलली.

कसबेकर: बरं, 28 टक्क्यांचं मागे घेतो. गाड्यांचं नाही घेणार.

गोदाकाठ: सोमवारी सुट्टी टाकलीये. गहाळचं चोरी करून घेतल्याशिवाय चौकीतून उठणार नाही.