परदेशात घर बांधले, आता वर्षाचे दिवस दोन घरांत कसे वाटायचे? आपले अनुभव लिहा

काटोल तालुक्यातील आमच्या घरी आई एकटी राहते आणि आम्ही २०१९ साली मेलबर्नमध्ये स्वतःचे घर बांधले. कर्जाचा हिशेब तेव्हा नीट केला होता. वर्षातले किती दिवस कोणत्या घरी जातील, हा हिशेब मात्र राहून गेला आणि तेव्हापासून आम्ही तोच करत आहोत. विदर्भातील खेड्यांतून बाहेर गेलेल्यांनी, आणि ज्यांची माणसे गेली आहेत अशा गावाकडच्या मंडळींनीही येथे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

काटोल, सध्या मेलबर्न

व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याप्रमाणे आमच्या कंत्राटदाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे होते: करारावेळी ५ टक्के, पायाला १०, लाकडी सांगाडा उभा राहिल्यावर १५, दारेखिडक्या लागून घर बंद करता येईल तेव्हा ३५, आतल्या कामाला २५ आणि उरलेले ताबा घेताना. व्हिडिओ कॉलवर सांगाडा पाहून आईने विचारले, "हा तर मांडव झाला, घर केव्हा बांधणार?" विटा फक्त बाहेरच्या अंगाला असतात, हे तिला अजूनही पटलेले नाही.

त्या बाजूला सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून आम्ही बैठकीची खोली उत्तरेला घेतली होती. आई जून महिन्यात, तिथल्या थंडीत आली आणि गावच्या सवयीने ऊन खायला दक्षिणेकडच्या अंगणात खुर्ची टाकून दिवसभर सावलीत बसली. मी कामावरून परतले तेव्हा तिचे हात गार पडले होते. दिशासुद्धा नव्याने शिकाव्या लागतील, हे तिला आधी सांगायला हवे होते, याची मला आजही टोचणी आहे.

मुलांची मोठी सुट्टी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत असते. त्यामुळे कापूस वेचणी आणि तुरीच्या शेंगा मुलांच्या वाट्याला येतात. पोळा आणि महालक्ष्म्या कधीच येत नाहीत. दोन वर्षे आईने महालक्ष्म्या एकटीने बसवल्या, सोळा भाज्यांसह सगळा स्वयंपाक केला आणि आम्ही तो फोनवर पाहिला. आता मी भाद्रपदात बारा दिवस एकटी जाते आणि हिवाळ्यात मुले त्यांच्या बाबांबरोबर जातात. तिकिटांचा खर्च वाढला आहे आणि दिवाळीत आम्ही चौघे गावच्या घरात एकत्र नसतो, तरी आईला वर्षातून दोनदा घर भरलेले दिसते.

वरूड, मुलगा न्यू जर्सीत

मी संत्राउत्पादक शेतकरी आहे. मुलाने तिकडे घर घेतले आणि आम्हा दोघांसाठी खालच्या मजल्यावर खोली ठेवली, तिच्या न्हाणीघरात धरायला दांडेही लावले. पाहुण्याच्या व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात. अडचण व्हिसाची नाही, बागेची आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरीस येणाऱ्या फुलासाठी, डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी बंद करून तिला ताण द्यावा लागतो, आणि तो केव्हा तोडून पाणी सोडायचे हे झाडाचे पान पाहून ठरते. फोनवरून ते ठरवता येत नाही. एका वर्षी मी तसे केले आणि फूल अर्धेही आले नाही. म्हणून आम्ही मार्च ते जून तिकडे राहतो. नातवंडांची शाळा तेव्हा चालूच असते आणि त्यांना खरी सुट्टी लागते, तेव्हा माझ्या परतीची तारीख येते.

मुलाच्या घराला हातभार म्हणून मी एक तुकडा विकून पैसे पाठवले. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा मला ठाऊक होती, परंतु दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते, हे काउंटरवर उभा असताना कळले. विवरणपत्र भरल्यावर तो वळता करून घेता येतो. शेतीच्या उत्पन्नावर कर नसल्याने ज्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरले नाही, अशा माझ्यासारख्यांनी आधी सल्लागाराला विचारावे.

दारव्हा, सध्या कॅनडा

कायम वास्तव्याचा हक्क टिकवायचा असेल, तर आम्हाला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहणे भाग होते. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि हे गावी गेले, ते चौदा महिने राहिले. मी दोन मुलांसह नव्या घराचे हप्ते भरत होते आणि दर रविवारी वहीत दिवस मोजत होते. सासऱ्यांना उठवून ओसरीत बसवण्यात ह्यांचा कोणता दिवस गेला आणि तो वहीत कोणत्या खान्यात लिहायचा, या विचाराने मला अनेकदा रडू आले. दिवस पुरले, परंतु सासरे गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात हे परतले होते. त्या वेळी मीच "आता या" म्हटले होते.

मेहकर, सध्या लंडन

मी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, त्यामुळे भारतीय नागरिकत्व संपले आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळते ते कार्ड, आले. धाकट्या भावाने अडचणीपोटी आपल्या हिश्शाचे शेत विकायला काढले, तेव्हा पैसे हाताशी असूनही मला ते घेता आले नाही. आम्हाला शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, विकत घेता येत नाही. वडिलांनी खणलेली विहीर त्या हिश्शात होती. ज्यांचे नागरिकत्वाचे अर्ज अजून व्हायचे आहेत, त्यांनी भावंडांशी या गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. भारतीय पासपोर्ट असला, तरी अनिवासी झाल्यावर शेत विकत घेण्याला हीच अट लागते.

आर्वी, गावातच

मी इथे राहिलेली थोरली सून आहे. भाऊजींनी परदेशात घर केले आणि गावातही आमच्या शेजारी दोन मजली बांधले, ज्याला वर्षातले अकरा महिने कुलूप असते. किल्ली माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा झाडून काढते, संध्याकाळी दिवा लावते, पावसाळ्यात चौकटींना वाळवी लागली की औषध मारून घेते. सासूबाईंची औषधे, सातबाऱ्याची कामे आणि बटईदाराशी बोलणेही आमच्याकडेच आहे. भाऊजींनी मुखत्यारपत्र तिकडच्या वकिलातीतून साक्षांकित करून पाठवले होते, पण भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचे राहिले आणि सगळे पुन्हा करावे लागले. पैशांची तक्रार नाही, ते वेळेवर येतात. त्यांनी येण्याची तारीख मात्र पंधरा दिवस आधी कळवावी, एवढेच माझे मागणे आहे. टाकी धुवायला आणि गाद्यांना ऊन दाखवायला तेवढे दिवस लागतात, आणि सासूबाईही त्या दिवसापासून नीट जेवू लागतात.