सोयापेंड वाढवल्यावर ट्राउटची विष्ठा पातळ: एमओएस घालू की इन्युलिन?

तळेकरी: रेनबो ट्राउटच्या खाद्यात फिशमील (माशांची भुकटी) ४० टक्क्यांवरून २० वर आणलं आणि प्रथिनं तेवढीच राहावीत म्हणून २८ टक्के सोयापेंड घातली. आता विष्ठा पातळ पडते, पाण्यात लगेच विरते आणि एफसीआर (किलोभर वाढीला लागणारं खाद्य) १.१ वरून १.३ वर गेलाय. पाणी १४ अंश, ऑक्सिजन व्यवस्थित. प्रीबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना मदत करणारा, न पचणारा घटक) द्यायचं तर कोणतं, एमओएस (यीस्टपासूनची मॅनोज-साखळी) की इन्युलिन (वनस्पतींतला तंतू), किती, आणि खाद्य बनवताना की नंतर?

खाद्यमिश्रक: आधी पेंड तपासा, प्रीबायोटिकचं नंतर बघू. युरिएज चाचणीत (पेंड पुरेशी भाजलीय का ते दाखवणारी) सामूतली (पीएच) वाढ ०.०५ ते ०.२० च्या आत हवी. त्याहून जास्त आली तर पेंड कच्ची, म्हणजे ट्रिप्सिन अडवणारे घटक शिल्लक आहेत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली प्रथिन-विद्राव्यता ७० टक्क्यांखाली गेली तर पेंड करपलीय आणि लायसिन हे अमिनो आम्ल वाया गेलंय.

पण तुमच्याकडे मला सॅपोनिन या सोयातल्या कडू घटकाचा संशय जास्त येतो. ते उष्णतेने जात नाही, अल्कोहोलच्या धुण्याने जातं. ट्राउट-सामनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला त्यानेच सूज येते: घड्या आखूड होतात, पेशींतल्या पोकळ्या नाहीशा होतात, शोषण घटतं. म्हणून निम्म्या पेंडीच्या जागी अल्कोहोलने धुतलेलं सोया कॉन्सन्ट्रेट घाला. फिशमीलसोबत कमी झालेली मेथिओनिन-टॉरिन ही अमिनो आम्लं आणि सोयातल्या फायटेटने अडकवलेलं फॉस्फरस-जस्त यांचा हिशोबही वेगळा करावा लागेल. ही तूट कुठलंच प्रीबायोटिक भरून काढत नाही.

गोळीखाद्य: वरच्याशी सहमत. तरी घालायचंच तर एमओएस घ्या, किलोला २ ते ४ ग्रॅम. मॅनोज या साखरेला चिकटणारे जिवाणू आतड्याच्या भिंतीऐवजी त्याला धरतात. ते यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून बनतं, म्हणजे बीटा ग्लुकानही (प्रतिकारशक्ती जागवणारा घटक) सोबत येतंच. वेगळं ग्लुकान द्यायचं असेल तर किलोला १ ग्रॅम, चार-सहा आठवडे देऊन मध्ये खंड पाडा.

इन्युलिन मी टाळेन. पेंडीतल्या रॅफिनोज-स्टॅकिओज या साखरा आधीच न पचता खालपर्यंत जातात, त्यात आणखी भर कशाला? आर्क्टिक चार या ट्राउटच्याच कुळातल्या माशाला १५ टक्के इन्युलिन दिल्यावर आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशींना इजा झाल्याचं प्रयोगात दिसलंय. तो डोस अर्थात फारच मोठा होता.

१०० किलोला ३०० ग्रॅम एमओएस थेट मिक्सरमध्ये टाकू नका, एका कोपऱ्यात साचतं. आधी ३ किलो चाळलेल्या पिठात, मग ते २० किलोत, मग सगळ्यात. एक्सट्रूडरची (गोळ्या पाडणारं यंत्र) उष्णता एमओएस सोसतं. तयार गोळीवर लावायचं तर कोरड्या गोळ्यांवर भुकटी घोळवून घ्या आणि वरून १ ते १.५ किलो तेल फवारा. उलट क्रमाने केलं तर भुकटी बाहेरच राहते आणि पाण्यात सुटते. हे तेल सूत्रातल्या तेलातून वजा करा.

तळेकरी: फरक पडला हे नक्की कसं कळेल? विष्ठेवरून?

आतडेतपासणी: नुसत्या विष्ठेवरून नाही. गवार गमसारख्या बाइंडरनेही (बांधून ठेवणारा घटक) ती घट्ट होते, पण आतली सूज तशीच राहते. तीन खाद्यं ठेवा: जुनं फिशमीलचं, सोयाचं, आणि तेच सोयाचं अधिक एमओएस. प्रत्येकाला तीन टाक्या, किमान आठ आठवडे. यातलं दुसरं, नुसतं सोयाचं खाद्य वगळलं तर सुधारणा एमओएसची की ऋतूची, हे सांगता येणार नाही.

नमुन्याचे मासे उपाशी ठेवू नका. उपाशी माशाच्या पेशींतल्या पोकळ्या तशाही रिकाम्या होतात आणि निरोगी आतडं सुजल्यासारखं वाचलं जातं. शेवटचा भाग ओळखायला सोपा: रुंद, गडद, आडव्या घड्या बाहेरूनही दिसतात. मासा मारल्यावर काही मिनिटांत तिथला १ सेंमी तुकडा काढा, खरवडू नका. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात २४ ते ४८ तास ठेवा आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. उशीर झाला तर आतडं स्वतःच्याच पाचकरसाने विरघळू लागतं आणि तो तुकडा वाचण्याजोगा राहत नाही.