'फ्रँकेन्स्टाइन'चा अपराध कोणता: जीव घडवणे, की त्याला टाकून देणे?

पैलतीर (प्रश्न)

मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीचा परिचय करून देताना बहुतेक जण असे सांगतात की, माणसाने ईश्वराची जागा घेऊ पाहिली आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. अलीकडे मी 1818 सालची मूळ संहिता सलग वाचली, तेव्हा हा निष्कर्ष मला पुस्तकात फारसा आढळला नाही. मृतांचे अवयव जमवून व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण संशोधक एक देह उभा करतो, नोव्हेंबरातल्या एका रात्री त्या देहाचा पिवळसर डोळा उघडतो, आणि तेवढ्याने घाबरून हा निर्माता खोलीबाहेर पळतो व झोपायला जातो. आकाशातून वीज कोसळत नाही की देवाचा कोप होत नाही. पुढचे सगळे अनर्थ त्या पळून जाण्यातून घडतात. त्या जीवाला नाव मिळत नाही. एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, त्यांचे बोलणे ऐकत तो भाषा शिकतो आणि केवळ रूपामुळे सर्वत्र मार खातो.

मग ईश्वर होण्याची महत्त्वाकांक्षा हा या कादंबरीचा खरा विषय आहे का, की तो अर्थ तिला मागाहून चिकटवला गेला? त्याच काळातील इतर रोमँटिक, म्हणजे भावना आणि कल्पनाशक्तीला अग्रस्थान देणारे, लेखकही या महत्त्वाकांक्षेकडे पाप म्हणूनच पाहत होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तळटीप

तो अर्थ बऱ्याच अंशी मागाहून चिकटला, असे माझे मत आहे, आणि तो कसा चिकटला हे आपल्याला बरेचसे नेमके सांगता येते.

पहिली आवृत्ती 1818 साली लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना निघाली. ती विल्यम गॉडविन यांना, म्हणजे लेखिकेच्या वडिलांना अर्पण केलेली होती, आणि गॉडविन तर धर्मसत्ता व राजसत्ता या दोन्हींचे कडवे टीकाकार म्हणून ओळखले जात. 1823 च्या जुलैमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक यांचे या कथेवरचे नाटक लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रंगमंचावर आले. त्याच्या शीर्षकातच उद्धटपणा, मर्यादेचे उल्लंघन या अर्थाचा शब्द ठळकपणे घातलेला होता. कादंबरीतला जीव इंग्रज महाकवी मिल्टन वाचतो आणि आपली बाजू एखाद्या निष्णात वकिलासारखी मांडतो. नाटकातला जीव मुका आहे. माझ्या दृष्टीने सारा फरक इथेच पडतो, कारण ज्याला फिर्याद मांडता येते तो निर्मात्याला जाब विचारतो, आणि ज्याला बोलताच येत नाही तो फक्त निर्मात्याच्या पापाचा पुरावा म्हणून उरतो. मेरी शेली यांनी स्वतः हे नाटक पाहिले होते. श्रेयनामावलीत त्या पात्राच्या नावाची जागा कोरी ठेवलेली पाहून त्यांना गंमत वाटली होती.

1831 च्या सुधारित आवृत्तीला त्यांनी नवी प्रस्तावना जोडली. निर्मात्याच्या अद्भुत यंत्रणेची नक्कल करण्याचा मानवी प्रयत्न किती भयंकर ठरेल, ही कल्पना ठळकपणे येते ती या प्रस्तावनेत. आज आपण जे वाक्य कादंबरीचे सार म्हणून सांगतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा तिथे सापडते. त्या आवृत्तीत व्हिक्टरच्या तोंडी नियतीची भाषाही वाढली आहे आणि त्यामुळे त्याची व्यक्तिगत जबाबदारी काहीशी पातळ झाली आहे.

मधल्या तेरा वर्षांत इंग्लंडमधली हवाही तंग झाली होती. मेरी आणि तिचा कवी नवरा पर्सी शेली या दांपत्याचे परिचित शल्यविशारद विल्यम लॉरेन्स यांनी प्राण ही देहाबाहेरची वेगळी शक्ती नसून देहरचनेचेच कार्य आहे, अशी मांडणी व्याख्यानांतून केली. 1819 साली ती व्याख्याने पुस्तकरूपाने आली, गदारोळ झाला आणि लॉरेन्स यांना पुस्तक मागे घ्यावे लागले. 1822 मध्ये न्यायालयाने त्या पुस्तकाला प्रताधिकाराचे संरक्षण नाकारले आणि धर्माला बाधक मजकूर हेच त्याचे कारण होते. त्याच वर्षी कवी बायरन यांच्या 'केन' या नाट्यकाव्याबाबतही जवळजवळ तसेच घडले. अशा वातावरणात पुस्तक पुन्हा छापताना लेखिकेने सावधगिरी बाळगली असेल, तर त्यात नवल नाही.

शाईदौत

'तळटीप' यांनी दिलेला इतिहास मान्य आहे, पण तेवढ्यावरून मूळ संहिता निर्दोष सुटते असे मला वाटत नाही. काम सुरू असतानाच व्हिक्टर स्वतःशी काय म्हणतो ते पाहावे: एक नवी प्रजाती आपल्याला निर्माता आणि उगम म्हणून धन्य मानेल, आणि आपल्या अपत्याच्या कृतज्ञतेवर इतका पुरेपूर हक्क दुसऱ्या कोणत्याही बापाला सांगता येणार नाही. हे 1818 च्या संहितेतच आहे. त्याला अपत्य नको आहे, भक्त हवे आहेत. एवढी मोठी आकांक्षा धरणारा हा माणूस प्रत्यक्ष कामात मात्र सोयीचा मार्ग निवडतो: बारीक अवयव जुळवायला वेळ लागतो, म्हणून तो देहाची उंचीच सुमारे आठ फूट ठरवून टाकतो. पुढे त्या बिचाऱ्या जीवाला जन्मभर नडते ती हीच उंची.

मुखपृष्ठानंतरच्या पानावर मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधील ओळी छापल्या आहेत, ज्यांत आदम देवाला विचारतो की, मातीतून मला माणूस घडव अशी विनंती मी तुला केली होती का. म्हणजे ईश्वराचा संदर्भ लेखिकेने पहिल्याच पानावर आणून ठेवला आहे. फक्त तिथे प्रश्न विचारणारा निर्माता नसून निर्मित आहे. त्यामुळे आपण मांडलेले 'घडवणे की टाकून देणे' हे दोन पर्याय मला एकाच अपराधाची दोन टोके वाटतात. ईश्वराचा मान हवा, पण पालनाचा भार नको, असा तो अपराध आहे. मेरीच्या जन्मानंतर काही दिवसांतच तिची आई दगावली, आणि 1815 मध्ये तिचे स्वतःचे पहिले मूलही गेले. शेकोटीपाशी चोळून ते मूल पुन्हा जिवंत झाल्याचे स्वप्न तिने रोजनिशीत नोंदवले आहे. अशा स्त्रीने अपत्य टाकून पळणारा बाप रंगवला, तेव्हा तिला त्याचे निव्वळ तत्त्वज्ञान सुचले असेल, हे मला पटत नाही.

आणखी एक प्रसंग चर्चेत नेहमी मागे राहतो. जीवाच्या मागणीवरून व्हिक्टर ऑर्कनी बेटांतील एका ओसाड बेटावर त्याच्यासाठी जोडीदारीण घडवू लागतो, पण या जोडप्याची संतती पृथ्वीवर पसरेल या भीतीने तो अर्धवट देह फाडून टाकतो. एका संपूर्ण वंशाने जन्माला यावे की नाही, हे तो एकटा, कोणालाही न विचारता ठरवतो. पहिला जीव जिथे घडवला त्या इंगोलश्टाटच्या प्रयोगशाळेपेक्षा इथे तो ईश्वराच्या आसनाच्या अधिक जवळ पोहोचला आहे, असे मी म्हणेन.

काजळमाया

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे कोणी वळलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. रोमँटिक पिढीतील अनेकांना ही महत्त्वाकांक्षा पाप मुळीच वाटत नव्हती, उलट भूषण वाटत होते. जर्मन कवी गटे यांच्या 'प्रॉमिथिअस' या तरुणपणीच्या कवितेत नायक, म्हणजे ग्रीक पुराणातला देवांविरुद्ध बंड करणारा प्रॉमिथिअस, देवांचा राजा झ्यूसला तोंडावर सुनावतो की, मी इथे बसून माझ्याच प्रतिमेची माणसे घडवतो आहे, आणि तीही माझ्यासारखीच तुझी पर्वा करणार नाहीत. पर्सी शेली यांच्या 1820 मधील 'प्रॉमिथिअस अनबाउंड'मध्ये तर देवाधिदेवच सिंहासनावरून खाली कोसळतो. बायरन यांच्या नाट्यकाव्याचा नायक मॅन्फ्रेड मरताना सैतानी शक्तींपुढे झुकत नाही आणि मठाधिपतीचीही मदत घेत नाही. अशा कवींच्या घोळक्यात, 1816 च्या त्या थंड, पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी अठरा वर्षांच्या मेरीने आपल्या कथेला सुरुवात केली आणि उपशीर्षक दिले 'आधुनिक प्रॉमिथिअस'. हे उपशीर्षक मला थेट नवरा आणि बायरन यांना मारलेला टोला वाटतो. अर्थात हा माझा तर्क आहे.

विज्ञानाचीही तीच उमेद होती. हम्फ्री डेव्ही यांनी 1802 च्या व्याख्यानात रसायनशास्त्राने माणसाला जवळजवळ सर्जनशील म्हणाव्यात अशा शक्ती दिल्याचे सांगितले होते, आणि कादंबरीतले प्राध्यापक वॉल्डमन याच सुरात बोलतात. 1803 च्या जानेवारीत जोव्हानी अल्दिनी यांनी लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतातून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा त्याचा एक डोळा उघडला आणि हात उचलला गेला. मात्र विजेच्या लोळाने जीव उठवण्याचे सुप्रसिद्ध दृश्य चित्रपटांचे आहे. पुस्तकात फक्त प्राणाच्या ठिणगीचा ओझरता उल्लेख येतो.

हॉफमन यांची 'सँडमन' ही 1816 मधील जर्मन कथाही यासोबत जरूर वाचावी. तिथे प्राध्यापक स्पालान्झानी ऑलिम्पिया नावाची यांत्रिक मुलगी आपली कन्या म्हणून समाजात मिरवतो, आणि शेवटी तिच्या मालकीवरून निर्मात्यांची अक्षरशः ओढाताण होते. त्याच्यावर देवाचा कोप होत नाही. माणसांत बाहुली घुसवून फसवणूक केल्याच्या चौकशीच्या भीतीने त्याला विद्यापीठ सोडावे लागते. कुलगुरूंची फाइल ही देवाच्या वज्रापेक्षा अधिक परिणामकारक, असेच हॉफमन यांना वाटत असावे.

पैलतीर

सर्वांचे आभार. 'शाईदौत' यांचा मुद्दा मला पटतो, पण एक अडचण राहते. मृत्युशय्येवर व्हिक्टर वॉल्टनला, म्हणजे ज्याच्या पत्रांतून ही कथा आपल्यापर्यंत येते त्या ध्रुवप्रदेशाकडे निघालेल्या जहाजाच्या कप्तानाला, महत्त्वाकांक्षेपासून दूर राहण्याचा उपदेश करतो आणि लगेच स्वतःलाच थांबवून म्हणतो की, आपल्या आशा धुळीला मिळाल्या असल्या तरी दुसरा कोणी यशस्वी होईलही. ईश्वर होऊ पाहण्याबद्दल पश्चात्ताप झालेला माणूस असे म्हणेल का?

शाईदौत

नाही म्हणणार. आणि वॉल्टनदेखील उपदेश ऐकून जहाज माघारी वळवत नाही. बर्फात अडकलेले खलाशी पुढे जायला नकार देतात, व्हिक्टर अशक्त अवस्थेतही त्यांच्या भित्रेपणावर भाषण देतो, आणि तरीही खलाशी बधत नाहीत, म्हणून जहाज वळते. 1831 ची प्रस्तावना बाजूला ठेवून ही शेवटची पत्रे वाचावीत; तिथे महत्त्वाकांक्षेला आवर घालणारी शक्ती ईश्वराची नाही, जिवाची काळजी असलेल्या सामान्य खलाशांची आहे.