दानधर्माच्या पलीकडचं
"कॅथलिक चर्चसाठी गरिबी म्हणजे फक्त दानधर्माचा विषय" हे नेहमी ऐकू येणारं विधान मला अर्धवट वाटतं. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात पोट भागेल एवढी मजुरी आणि कामगारांचा संघटनेचा हक्क मांडला होता. (समाजवादाला मात्र ठाम नकार!) खरी खळबळ माजली ती लॅटिन अमेरिकेत. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन शहरात जमलेल्या बिशपांनी दारिद्र्याचं खापर थेट अन्यायी व्यवस्थेवर फोडलं. पेरूचे धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेस यांनी १९७१ मध्ये त्या विचाराला मुक्तीच्या धर्मशास्त्राची (म्हणजे गरिबांना अन्यायातून सोडवणं हा श्रद्धेचाच भाग मानणाऱ्या विचाराची) बैठक दिली. व्हॅटिकनने १९८४ मध्ये त्यातल्या मार्क्सवादी विश्लेषणावर टीका केली. ती अगदीच गैरलागू होती असं मी म्हणणार नाही. पण गरिबांची बाजू घेणारे एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो १९८० मध्ये मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असतानाच गोळीला बळी पडले. त्यांना संत घोषित करायला २०१८ उजाडलं.