अभियंत्याने मानकांवर शंका घ्यावी की नाही?

भोसरीचा पॉवर सप्लायवाला
काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की, ‘मानके पाळणे हे अभियंत्याचे काम, त्यांच्या उपयुक्ततेवर शंका घेणे हे नव्हे.’ हे वाक्य झोंबले, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आमचा पंपाचा कंट्रोलर सर्जच्या चाचणीत सहीसलामत उत्तीर्ण झाला आणि जुन्नरकडे पहिल्याच पावसाळ्यात जळून परत आला. गावाकडे डीपीवरचा न्यूट्रल सुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट तासभरसुद्धा राहू शकतात. सर्जची चाचणी मायक्रोसेकंदांच्या झटक्याची. तो झटका व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) गिळतो, पण तासाभराचा जादा दाब त्यालाच जाळून टाकतो. कागदावर उत्तीर्ण आणि शेतात राख, तरीही मी गप्प बसायचे?

पाषाणचा सेफ्टीवाला
ते सद्गृहस्थ मीच. आपले उदाहरण मानक अपुरे असल्याचे आहे, निरुपयोगी असल्याचे नव्हे. माझ्याकडे शंका घेऊन येणाऱ्यांना बहुधा पैसे वाचवायचे असतात. एका तरुणाने वाय कपॅसिटरच्या (मेन आणि पेटी यांच्या मधल्या सुरक्षित कपॅसिटरच्या) जागी पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या बाजारातला साधा सिरॅमिक कपॅसिटर लावला होता; ‘दोन्ही निळेच तर आहेत,’ हा त्याचा युक्तिवाद. तो शॉर्ट झाला की पत्र्याची पेटी थेट मेनला जोडली जाते, आणि अर्थिंग किती घरांत धड असते हे आपण जाणताच. मार्च 2022 मध्ये लोहगावात ई-स्कूटर पेटली, देशात इतरत्रही पेटल्या, तेव्हा कुठे विजेवरच्या दुचाकींच्या एआयएस 156 या मानकातील बॅटरीच्या अटी कडक झाल्या.

भोसरीचा पॉवर सप्लायवाला
म्हणजे आधीच्या अटी पुरेशा नव्हत्या, हे आपणच सिद्ध केलेत. आभारी आहे.

जुना सोल्डरवाला
हे सर्व ठीक, पण शिशाविषयी कोणी का बोलत नाही? युरोपात 1 जुलै 2006 पासून रोह्स (उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारे नियम) लागू झाले आणि आमचे 183 अंशांना वितळणारे शिसेयुक्त सोल्डर हद्दपार झाले. नवे 217 च्या पुढे वितळते, बोर्डावरचे तांब्याचे पॅड उचलले जातात, कथलाला केसासारखे तंतू फुटून शॉर्ट होतात. गाडीच्या बॅटरीत मात्र किलोंनी शिसे चालते!

ई-कचरा पाहिलेली
बॅटरी भंगारवाला पैसे देऊन नेतो, म्हणून ते शिसे बव्हंशी परत भट्टीत जाते. आपले बोर्ड तव्यावर तापवून सुटे भाग काढणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या श्वासापुढे आपल्या पॅडची तक्रार मला क्षुद्र वाटते.

जुना सोल्डरवाला
मुलांना पुढे करून तांत्रिक मुद्दा टाळू नका. वर्षभरात ड्राय सोल्डरने (कच्च्या जोडाने) मेलेला बोर्ड त्याच तव्यावर लवकर पोहोचतो, हे आपल्या हिशेबात कोठे आहे?

ई-कचरा पाहिलेली
आपल्याकडेही 1 मे 2014 पासून शिशाला 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. इतक्या वर्षांत रिफ्लोचे प्रोफाइल (सोल्डर वितळवताना तापमान कसे चढवायचे-उतरवायचे ते) बसवता आले नसेल, तर दोष कायद्याचा खचित नाही.

जुना सोल्डरवाला
प्रोफाइल बसते हो, बाईसाहेब. तंतू नंतर फुटतात. उपग्रहवाले अजून शिसे का वापरतात, तेवढे सांगा.

पाषाणचा सेफ्टीवाला
उभयतांनी आवरते घ्यावे. पॉवर सप्लायवाले, न्यूट्रलचा मुद्दा रास्त आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. भारतीय मानकांचे मसुदे हरकतींसाठी खुले असतात; तेथे जळालेल्या व्हॅरिस्टरच्या छायाचित्रासह लिहावे.

भोसरीचा पॉवर सप्लायवाला
अवश्य लिहितो. वाय कपॅसिटरबाबत आपणही बरोबर आहात, हे लिहिताना हात जड होतो. मात्र हरकतीवर पहिली सही आपली हवी, कारण शंका घेणे हे माझे काम नव्हे, असे कालच ठरले आहे.