खोटे अलार्म आणि खरे ठोके
यंत्रं वाढवली की अतिदक्षता विभाग आपोआप सुरक्षित होतो, असं अनेकदा म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. तिथला मोठा त्रास अलार्मचाच. रुग्णाने कूस बदलली, ईसीजीचं एखादं इलेक्ट्रोड सुटलं, की मॉनिटरवरची रेषा सपाट आणि ठणाणा सुरू. नर्स धावत येते, तर रुग्ण निवांत पाणी पितोय! दिवसभर हेच चाललं की कान किटतात आणि 'लांडगा आला रे आला'सारखी गत होते.

सिग्नल अ‍ॅनालिसिस (म्हणजे यंत्रांकडून येणाऱ्या नोंदींचं संगणकाने केलेलं विश्लेषण) आधी इथे वापरावं. ईसीजी सपाट आहे, पण बोटावरच्या ऑक्सिमीटरवर नाडीची लाट नियमित येतेय, म्हणजे हृदय चालू आहे, वायर निघालीय. दोन सिग्नल एकमेकांशी ताडून पाहायचे. फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या खुल्या संग्रहाने २०१५ साली याच विषयावर स्पर्धा ठेवली होती: खोटे अलार्म कमी करा, पण खरे दाबू नका. (दुसरी अट जास्त अवघड.)

आणि अशा विश्लेषणातून कधीकधी डोळ्यांना न दिसणारंही सापडतं. फार कमी वजनाच्या नवजात बाळांमध्ये जंतुसंसर्गाची लक्षणं उघड दिसण्याआधीच ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार मंदावतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे ३००० बाळं होती. त्यातल्या निम्म्यांचा या चढउतारावर आधारित निर्देशांक डॉक्टरांना दाखवला, निम्म्यांचा नाही. न दाखवलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण १०.२ टक्के, दाखवलेल्यात ८.१. आणि उपचार काय करायचे हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, फक्त आकडा समोर ठेवला होता.